सहावं नाव

चनखोरे सरांना खाली बसलेलं ज्यानं पाहिलं असेल त्यानं पुढं यावं, मी त्याला मेहकरापासून मलकापुरापर्यंत पाठीवर घेऊन जाईन. ही पैज मी कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं लावली आणि माझ्या पाठीला कधी तोशीस पडली नाही. स्टाफरूममध्ये सरांच्या नावची खुर्ची होती, तिच्यावर फक्त त्यांची टोपी बसायची. हजेरीपटावर सही उभ्यानं, डबा उभ्यानं, प्राचार्यांची बोलणी उभ्यानं. लग्नाच्या पंगतीला बोलावलं की ते वाढायला लागत, कारण वाढणाराला बसावं लागत नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नात कसं झालं असेल, असं मी एकदा त्यांच्या मंडळींना विचारलं. त्या म्हणाल्या, "उकिडवे होते."

पोरांना त्यांचं एकच सांगणं. "दम घे, वाक, ओक, रड. पण बसू नको बे. बसला का पायाले वाटते सुटी झाली."

मी त्या कॉलेजात बाबू होतो. आवक-जावक, फी, टी.सी. आणि शिक्का. आमचं कॉलेज म्हणजे मेहकर आणि लोणारच्या मधात, एका जुन्या सरकीच्या गोदामात उघडलेलं दुकान. टिनाचं छप्पर इतकं तापायचं, की मराठीचे प्राध्यापक कविता शिकवता शिकवता वितळून फळ्यावरून ओघळत आणि आम्ही त्यांना संध्याकाळी गोळा करून घरी पाठवत असू. सरांची मुलाखत त्याच गोदामात झाली. आमचे अध्यक्ष दादासाहेब यांनी विचारलं, "तुम्हाले कोणता खेळ येते?"

सर म्हणाले, "ज्या खेळात माणूस कमी पडंल तो."

"म्हणजे सगळेच."

"हाव. गावात माणूस सगळीकडंच कमी पडते."

घेतलं. पगार अर्धा आणि मैदान शून्य. गोदामामागं दीड एकर गोटाळी जमीन होती, तिच्यात बकरी चरायला गेली तर खूर मोडून परत येई. सरांनी नियम काढला, उशिरा येईल त्यानं दहा गोटे उचलून बांधाला लावायचे. वर्षात मैदान मोकळं झालं आणि भोवती छातीएवढी भिंत उभी राहिली. ती भिंत आजही आहे. तिच्यात तालुक्याचा इतिहास आहे. फाटकापासून चिंचेपर्यंतचा तुकडा एकट्या सध्याच्या सभापतींचा, इतका तो माणूस उशिरा यायचा. अजूनही भाषणात "मी या संस्थेच्या उभारणीत हातभार लावला" म्हणतात, आणि ते खोटं नाही.

मैदान एकच आणि खेळ सात. सर पहाटे चुन्याची फक्की घेऊन रेषा मारत, कबड्डीच्या रेषेतून खो-खोची, खो-खोच्या पोटातून व्हॉलीबॉलची, आणि सगळ्यांना वळसा घालून धावण्याची. वरून घारीनं पाहिलं असतं तर तिला भोवळ आली असती. पोरंही तीच बारा. सकाळी कबड्डीत पाय धरणारा पोरगा दुपारी खो द्यायचा आणि संध्याकाळी नेटवर उडायचा. सरांची शिट्टी एकच, बुटाच्या नाडीत ओवलेली, पण तिचे सूर सात. कोणत्या खेळासाठी वाजली ते मैदानाशेजारच्या म्हशींनाही कळायचं.

एकदा बाहेरगावच्या स्पर्धेला मी मॅनेजर म्हणून गेलो होतो. तिथला पंच आमच्या पोरांकडं बघून म्हणाला, "हे पोट्टे सकाळी कबड्डीत होते ना?" मी पटकन म्हणालो, "ते जुळे भाऊ. आमच्याकडं पाणीच तसं आहे, बाराच्या बारा घरी जुळे." पंचाला पटत आलं होतं. तेवढ्यात सर आले, आणि त्यांनी एकेका पोराला पुढं ओढून त्याचं, त्याच्या बापाचं नाव, आडनाव खणखणीत सांगितलं. "तेच आहेत हे. नियमात बसते. लिहून घ्या." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, तुले जेवढ्या फेकायच्या तेवढ्या फेक. पण माणसाच्या नावासंगं मस्करी नाही करायची."

नावाचं त्यांना वेड होतं. धावण्याची शर्यत असली की सर शेवटच्या रेषेवर उभे राहत आणि रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आभाळ फाटेल असं ओरडत, पुढं "पहिला", "दुसरा", असं करत "एकतिसावा"पर्यंत. एकतिसाव्याला तर जास्तच जोरात. याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. जवानीत ते जिल्ह्याच्या मैदानात पहिले आले होते. त्यांची आई खांद्यावर पोतडं घेऊन चालत पाहायला आली होती. भोंग्यावर ओरडले, "चेस्ट नंबर एक्केचाळीस, प्रथम." आईनं शेजारी उभ्या बाईला विचारलं, "बाई, एक्केचाळीस म्हंजे कोनाचा पोरगा वं?"

इथपर्यंत हसून घ्या. पुढं हसायला जागा मिळेल असं वाटत नाही, आणि पुढच्या गोष्टीत मी एक बोटभरही वाढवलेलं नाही. मला काय वाढवायचं ते तेव्हाच वाढवून झालं होतं.

सुमन किसन मेहेत्रे. माळ्याची पोरगी, मळा आमच्या मैदानापलीकडं. सरांनी तिला प्रथम पाहिलं ते डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन काळ्या-पिवळ्या जीपच्या मागं धावताना. जीप पन्नासनं चालली होती. बरं, तीसनं. पोरीनं जीप गाठली, पाटी आत ठेवली, आणि एक वांगं सांडलं नाही. सर हातातली फक्की तशीच धरून उभे राहिले. पायाशी चुन्याचा ढीग झाला.

दुसऱ्या दिवशी तिच्या बापाकडं गेले. पोरगी बारावी झालेली, मार्क चांगले, पण शाळेतून टी.सी. काढायला बाप जाईना. किसन माळी वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सर, वांगे तोडाले कोणती डिग्री लागते? पोरीचं यंदा-पुढच्या वर्षी जमवून राह्यलो मी." सर सात वेळा गेले. सातव्यांदा बाप एवढंच म्हणाला, "सकाळी मळ्यात जाता जाता पळते त पळू द्या. कागदावर नाव नको."

म्हणून ती पहाटे यायची, चपला भिंतीवर ठेवायची, सरांच्या सहा फेऱ्या धावायची, चपला घालायची आणि मळ्यात जायची. हजेरीत नाव नाही, फीच्या पावतीवर नाही. सर मात्र रोज ती रेषा ओलांडताना तिचं नाव ओरडत. एकटीच धावत असे, तरी "पहिली!" म्हणत. ती ओढणी तोंडाला लावून हसायची.

त्या साली सरांनी मुलींचा क्रॉस कंट्रीचा संघ उभा केला. आमच्या भागात पोरींचा संघ म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगून समजणार नाही. सर पाच घरांच्या पायऱ्यांवर उभे राहिले. उभेच, कारण बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत, आणि शेवटी बापच कंटाळून हो म्हणायचे. संघाला सहाजणी लागत. पाच असल्या तर संघ धरतच नसत. सहावी मिळाली ज्योती रामदास काळे. तिला धावण्याची आवड नव्हती, पण मैत्रिणींसाठी नाव दिलं. प्राचार्यांची सही झाली, माझा शिक्का बसला, फॉर्म गेला. फोटो वगैरे भानगड तेव्हा नव्हती. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी ज्योती तापानं फणफणली.

मैदानावर पाच पोरी रडत उभ्या. दोघींची लग्नं ठरलेली होती, त्यांना पुढचं वर्ष नव्हतं.

मी म्हणालो, "सर, नाव ज्योतीचं आहेच. पाय सुमनचे लावा."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला वाटलं आता मलाही गोटे उचलायला लावतात. मग ते मैदानाला तीन फेऱ्या मारून आले. त्या पोरींकडं पाहिलं. सुमन भिंतीजवळ चपला घालत होती, तिच्याकडं पाहिलं. म्हणाले, "नुसती संख्या भरायले."

"नुसती संख्या भरायले," मी म्हणालो. "फक्त एक करा, तिले सांगा, मधात कुठंतरी ये. पुढं नको येऊ. पुढं आली त नाव चढंल."

"काय सांगू?"

"हळू पळ म्हणा."

सर म्हणाले, "बाबू, ग्राउंडवर हे वाक्य माह्या तोंडातून निघणार नाही. न तुह्याही तोंडातून निघालं त याद राख."

मग हळू पळ हे कोणीच तिला सांगितलं नाही, आणि नाव ज्योतीचं लागणार हेही नाही. दोन मोठी माणसं आम्ही, एकानं थाप सुचवली, दुसऱ्यानं ती अर्धीच मानली. धडकी तिथंच भरायला हवी होती.

स्पर्धा मलकापूरला होती. रेल्वेच्या पलीकडं कपाशीच्या वावरांतून रस्ता आखला होता. सर शेवटच्या रेषेवर, बाजूला टेबलाशी नावं लिहून घेणारे. अर्ध्या तासानं कपाशीतून धूळ उठली आणि धुळीतून एकटी सुमन बाहेर आली. मागं कोणीच नाही. बाकीच्या पोरी अजून दुसऱ्या जिल्ह्यात असाव्यात, इतकं अंतर. ती हसत होती. तिचे डोळे सरांच्या तोंडावर होते, कारण तिथून रोज तिचं नाव निघायचं.

तिनं रेषा ओलांडली. सरांनी तोंड उघडलं. टेबलावरचा माणूस पेन धरून थांबला होता. मी सरांच्या गळ्याची शीर पाहिली, ती दोरीसारखी झाली होती.

"ज्योती रामदास काळे! पहिली!"

सुमन तशीच पुढं गेली. तिला वाटलं मागून दुसरी कोणी आली. सर पुन्हा ओरडले. तिनं वळून पाहिलं ते मागं, कपाशीकडं. शेवटी मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "अवं, तुलेच बोलावून राह्यले."

"मले?" ती म्हणाली. "माह्यं नाव घेतलं काय?"

येताना एस.टी.त जागा होती. सर दाराजवळ दांडा धरून मेहकरपर्यंत उभे. पोरी गाणी म्हणत होत्या. सुमनही म्हणत होती. बापानं कागदावर नाव नको म्हटलेलं, म्हणून आपलं नाव लागलं नाही तेच बरं असं तिला वाटत होतं, निदान ती तसं म्हणाली. त्या दिवसापासून सर बोलताना मधातच थांबायला लागले.

सर्टिफिकेट आलं. सरांनी ते खेळाच्या कपाटात, फुटलेल्या व्हॉलीबॉलच्या खाली ठेवलं आणि किल्ली नाडीत शिट्टीशेजारी बांधली. दोन वर्षं तसंच. सुमनचं लग्न बीबी गावी झालं. मग ज्योतीचा बाप वारला, पोलीस भरती निघाली, आणि खेळाचं सर्टिफिकेट असलं तर राखीव जागा मिळते हे तिच्या आईला कोणीतरी सांगितलं. ती बाई मैदानावर आली.

"सर, पोरीच्या नावाचा कागद तुमच्याकडं पडून आहे म्हणे."

"तो तिचा नाही, वैनी."

"मंग नाव कोणाचं आहे त्याच्यावर?"

नाव म्हणजे नाव, हे त्या माणसानं जन्मभर पोरांना सांगितलं होतं. ज्योती आईच्या मागं उभी होती, जमिनीकडं बघत. घरात खाणारी चार तोंडं. सरांनी कपाट उघडलं.

ज्योती शिपाई झाली. चांगली झाली, हेही सांगतो. कोणाचा रुपया खाल्ल्याचं ऐकलं नाही. मैदानाच्या रस्त्यावरून जाताना ती गाडीवरून उतरायची आणि भिंत संपेपर्यंत गाडी ढकलत न्यायची. उन्हातान्हात, वर्दीत. सर दिसोत न दिसोत.

आणि सर दर आठवड्याला बीबीच्या बाजाराला जायला लागले. सुमन तिथं भाजी घेऊन बसायची. नवरा हमाली करायचा, पुढं तोही बसून राहू लागला. सर तिच्यासमोर उभे राहून वांगी घेत. दर आठवड्याला दोन किलो. त्यांच्या मंडळी मला म्हणाल्या, "बाबूभाऊ, आमच्या घरी आता माणसापेक्षा वांगे जास्त आहेत." एकदा मी सोबत होतो. सर म्हणाले, "सुमन, मी ते नाव दुरुस्त करतो."

ती कोथिंबीर बांधत होती. "जाऊ द्या ना सर. पळली त मीच ना."

"पळली तू. ओरडलो मी दुसरीचं."

तिनं ती जुडी बांधून बाजूला ठेवली. गिऱ्हाईक आलं, गेलं. मग म्हणाली, "सासरी एकदा सांगितलं होतं, मी पहिली आली होती म्हणून. सगळे हासले. कागद दाखव म्हणे." आणि कोथिंबिरीची एक जुडी वर टाकली, नेहमीसारखी.

निवृत्तीच्या महिन्यात सर ऑफिसात आले आणि विद्यापीठाच्या नावानं लिहिलेला एक अर्ज माझ्यापुढं ठेवला. स्वतःच्या अक्षरात, दोन पानं. त्या शर्यतीत पहिली आलेली मुलगी सुमन किसन मेहेत्रे होती, तिला खोट्या नावानं मी उतरवलं, जबाबदारी माझी एकट्याची, नाव दुरुस्त करून मिळावं, मला जी शिक्षा ती मान्य. माझ्या शिक्क्याचा त्यात एका शब्दानं उल्लेख नव्हता.

"जावक नंबर टाक बाबू. आजच्या टपालात जाऊ दे."

मी नंबर टाकला. त्यांच्यासमोर टाकला, शिक्का मारला, पाकिटाला डिंक लावला. ते गेल्यावर पाकीट टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या रजिस्टरांखाली सरकवलं. मला ज्योतीची नोकरी दिसत होती, तिची लहान पोरं दिसत होती, सरांची पेन्शन दिसत होती. माझा शिक्काही दिसत होता, तो सगळ्यात आधी. आणि सुमन तर उघडपणे "जाऊ द्या" म्हणाली होती, असं मी मनाला सांगितलं.

सर दर सोमवारी यायचे. "उत्तर आलं काय?"

पहिल्यांदा म्हणालो, पोचलं. पुढच्या महिन्यात म्हणालो, फाईल वरच्या टेबलावर गेली. मग समिती नेमली. तीन माणसांची. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण मी त्या समितीच्या प्रत्येक माणसाला नाव दिलं, एकाला मधुमेह दिला, एकाला रागीट बायको दिली. एक तुमच्या बाजूचा आहे म्हणालो. मधुमेहवाला आजारी पडला म्हणून बैठक लांबली म्हणालो. माझ्या आयुष्यात मी इतक्या बारकाईनं कधी काही रचलं नव्हतं. सर ऐकायचे, मान हलवायचे आणि एकदा विचारलं, "त्या मधुमेहवाल्याची तब्येत कशी आहे?"

सहा वर्षं. प्रत्येक बाजाराला ते सुमनला सांगत, "समिती बसली आहे." ती "हाव सर" म्हणे आणि जुडी वर टाके.

माझी निवृत्ती झाली तेव्हा खण रिकामा करताना पाकीट घरी आणलं. ठरवलं, एक दिवस सांगू. त्या पावसाळ्यात सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मंडळी म्हणाल्या, "माणसं ओळखतात, पण नावं गेली सारी. मलेही नावानं बोलावत नाहीत. काही निघतच नाही तोंडातून."

मी गेलो तेव्हा ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पाठीला उशी, पायावर चादर, गळ्यात नाडी आणि शिट्टी. मी पैज हरलो होतो आणि पाठ देण्यासारखं कोणी नव्हतं. पाकीट माझ्या खिशात होतं. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, बसवेना. म्हणालो, "सर, मी बाबू." ते माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले. तो सोमवारचा प्रश्न होता हे मला शब्दाशिवाय कळलं. मी खिशात हात घातला.

तेवढ्यात फाटक वाजलं. सुमन आली होती. बीबीहून, डोक्यावर पाटी. केस पांढरे झालेले, एक पाय जरा ओढत. कोणीतरी बाजारात सांगितलं होतं, सर तीन आठवडे आले नाहीत, आजारी आहेत.

सरांनी तिला पाहिलं आणि त्यांच्या गळ्याची ती शीर वर आली, दोरीसारखी. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर दाबून ते उठायला गेले. मंडळी धावल्या. चेहरा एका बाजूला ओढला गेला, तोंडातून लाळ गळाली, आणि त्यातून, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, पूर्ण आवाज निघाला. गल्लीतली माणसं बाहेर आली.

"ज्योती! ज्योती रामदास काळे! पहिली!"

सर सुमनकडं बघत होते. त्यांनी पुन्हा म्हटलं, "पहिली."

तिनं या वेळी मागं वळून पाहिलं नाही. पाटी खाली ठेवली, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांचा डावा हात धरून म्हणाली, "हाव सर. आली मी."

मी खिशातला हात तसाच खिशात ठेवला आणि फाटकाकडं गेलो. जाताना एकदा मागं पाहिलं. सुमन खाली बसली होती, पाटीतली वांगी एकेक करून त्यांच्या मांडीवर ठेवत होती. आणि सर उठायचा प्रयत्न सोडून शांत बसले होते.